समुद्रकाठची सुट्टी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

समुद्रकाठी घालवलेल्या कौटुंबिक सुट्टीतल्या बारीकसारीक आनंदांविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून अधिक पत्रे तक्रारींची निघाली. आनंदाविषयी विचारा म्हटले की माणसे आधी तो कुठे अडकला हे सांगतात, आणि त्यात गैर काहीच नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून आणि पत्रलेखकांची नावे गाळून त्यांतले काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही दोन मुलांसह पाच दिवस समुद्रकाठी राहून आलो. जाण्याआधी मी प्रत्येक दिवसाचा तासातासाचा कार्यक्रम कागदावर मांडला होता. पहिल्या दिवशी सकाळी सातला किनाऱ्यावर पोहोचलो, तर पाणी थेट पायऱ्यांपर्यंत आलेले आणि खेळायला वाळूच शिल्लक नाही. दुसऱ्या दिवशी शहाणपण करून दुपारी गेलो, तर पाणी इतके दूर गेलेले की तिथवर चालताना धाकटा रडकुंडीला आला. परतल्यावर दोघांना काय आवडले असे विचारले, तेव्हा ‘खड्डा खणला आणि त्यात आपोआप पाणी आले ते’ एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या वेळी नियोजन करावे की करूच नये? — दोन मुलांची आई

उत्तर : नियोजन अवश्य करावे, मात्र त्यासाठी घड्याळ समुद्राचे घ्यावे. बाग किंवा संग्रहालय सकाळी जसे असते तसेच दुपारीही असते. किनारा तसा नसतो. सकाळी सातचा किनारा आणि दुपारी दोनचा किनारा या जवळजवळ दोन वेगळ्या जागा असतात, आणि तुमच्या कागदावर त्या एकच धरलेल्या होत्या. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात. पृथ्वीची स्वतःभोवती एक फेरी पूर्ण होईपर्यंत चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, त्यामुळे त्याला गाठायला पृथ्वीला आणखी जरा फिरावे लागते. म्हणूनच भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तुमच्या पहिल्या सकाळी सातला पूर्ण भरती होती, म्हणजे ओहोटी सव्वाएकच्या सुमारास झाली असणार आणि दुसऱ्या दिवशी ती दोनच्या आसपास गेली असणार. तुम्ही दोन्ही दिवस नेमक्या चुकीच्या वेळी पोहोचलात, आणि यात मुलांचा काडीचाही दोष नव्हता.

जिथे जायचे असेल तिथला भरती-ओहोटीचा तक्ता निघण्याआधीच मिळवावा, कारण सगळे समुद्र सारखे वागत नाहीत. भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यांवर हा फरक जेमतेम जाणवतो, तर कॅनडातील फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत 16 मीटरपर्यंत अंतर पडते. तिथी लक्षात असेल तर आणखी एक अंदाज बांधता येतो. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास उधाणाची भरती येते, तेव्हा पाणी खूप वर चढते आणि तितकेच दूरही जाते; अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा दोन्हींतले अंतर कमी राहते. शिंपले वेचण्यासाठी आणि खडकांतल्या डबक्यांत डोकावण्यासाठी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम, पण लहान मुलाला पाण्यापर्यंत फार चालवायचे नसेल तर भांगाचे दिवस बरे.

आता नियोजनाचा दुसरा भाग, जो माझ्या मते पहिल्यापेक्षा गमतीचा आहे. ओहोटीनंतर पाणी चढते ते एकाच गतीने चढत नाही. चढायला सहा तास लागतात असे धरले आणि एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात साधारण एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. दर्यावर्दी लोकांचा हा ठोकताळा आहे. मधल्या दोनच तासांत निम्मे पाणी चढते, म्हणजे मुलांनी बांधलेल्या किल्ल्यावरची खरी लढाई तिसऱ्या तासात सुरू होते. हे ठाऊक असलेल्या घराने किल्ला दुसऱ्या तासात बांधायला घ्यावा, तटबंदी समुद्राच्या बाजूला करावी आणि मग सगळ्यांनी मिळून पराभवाची वाट पाहावी. किल्ला वाहून गेल्यावर मुले रडतील अशी भीती मोठ्यांना वाटते, प्रत्यक्षात ती ओरडत आणि नाचत असतात. चपला, टॉवेल आणि आजोबांची खुर्ची मात्र त्याआधीच वर सरकवावी.

खड्ड्याचे म्हणाल तर तुमच्या मुलांची निवड अचूक आहे. भिजलेल्या किनाऱ्यावर वाळूखाली थोड्याच अंतरावर पाणी असते. खणत त्या पातळीपर्यंत गेले की ते चहूबाजूंनी झिरपून आत येते, आणि आपण जमिनीच्या पोटातून समुद्र काढला असे खणणाऱ्याला वाटते. या कामाला शेवट नसतो, त्याला कोणी गुण देत नाही आणि ते बिघडले तरी काही बिघडत नाही. मोठ्यांच्या आयुष्यातही अशी कामे फार थोडी असतात. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खड्डा खोल जाऊ देऊ नये, कारण वाळूच्या भिंती ढासळताना कोणतीही सूचना देत नाहीत, आणि उठताना खड्डा बुजवावा, म्हणजे अंधारात चालणाऱ्या दुसऱ्या कोणाचा पाय त्यात जाणार नाही.

प्रश्न : मी नऊ वर्षांची आहे. समुद्रावर ओल्या वाळूवर जोरात पाय ठेवला की पायाच्या भोवतीची वाळू एकदम कोरडी आणि पांढरट होते, आणि पाय उचलला की तिथे पाणी येते. बाबा म्हणतात की वजनामुळे पाणी दाबले जाते. पण दाबले तर पाणी वर यायला हवे ना? — एक वाचक (वय नऊ)

उत्तर : तुझी शंका रास्त आहे आणि बाबांनी ती मान्य करायला हरकत नाही. पाण्याने भिजलेल्या स्पंजवर पाय दिला तर पाणी वरच येते. वाळू उलटी वागते. किनाऱ्यावरच्या लाटा वाळूचे कण हलवून हलवून अगदी दाटीने बसवतात, इतक्या दाटीने की त्यांच्यात कमीत कमी रिकामी जागा उरते. तू पाय दाबतेस तेव्हा त्या कणांना बाजूला सरकावे लागते, आणि सरकण्यासाठी एका कणाला दुसऱ्यावर चढावे लागते. असे चढले की कणांमधल्या फटी मोठ्या होतात. वरचे पाणी लगेच त्या फटींत खाली ओढले जाते, म्हणून वरची वाळू कोरडी दिसू लागते. थोड्या वेळाने आजूबाजूचे पाणीही तिथे झिरपते. मग तू पाय उचललास की कण पुन्हा दाटीने बसतात, फटी लहान होतात आणि जास्तीचे पाणी वर येऊन डबके होते.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1885 मध्ये हे कारण मांडले. त्याआधी हजारो वर्षे माणसे ओल्या वाळूवरून चालत होती आणि ते पांढरे वर्तुळ पाहत होती. त्यांच्यापैकी बहुतेकांना तुझ्यासारखा प्रश्न पडला नसावा. रेनॉल्ड्स रबराच्या पिशवीत वाळू आणि पाणी भरून लोकांना प्रयोग दाखवत असे : पिशवी दाबली की आतले पाणी बाहेर येण्याऐवजी आणखी आत ओढले जाई. घरी जाड फुगा मिळाला तर बाबांना सोबत घेऊन करून पाहा. फुग्यात ओली वाळू ठासून भर, वर थोडे पाणी ठेव, तोंडात एक पारदर्शक नळी घट्ट बसव आणि नळीत पाणी कुठपर्यंत आहे तिथे खूण कर. फुगा दाबण्याआधी पाणी वर जाईल की खाली येईल, यावर बाबांशी पैज लावायला विसरू नकोस.

प्रश्न : माझे वय बहात्तर असून गुडघ्यांमुळे मला वाळूत चालता येत नाही आणि पाण्यात तर मुळीच उतरता येत नाही. मुलगा आणि सून मला दरवर्षी आग्रहाने सोबत नेतात, पण सर्वजण खाली खेळत असताना मी वरच्या गॅलरीत सामानाची राखण करत बसते. माझ्यासारखीने या सुट्टीत काय करावे? — एक आजी

उत्तर : आपल्या पत्रातला ‘राखण’ हा शब्द मला खटकला, कारण आपण बसता ती जागा सगळ्या कुटुंबात सर्वांत दूरचे पाहण्याची जागा आहे. क्षितिज किती दूर असते हे डोळ्यांच्या उंचीवर ठरते. त्या उंचीच्या मीटरमधल्या आकड्याचे वर्गमूळ काढून त्याला 3.57 ने गुणले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या छोट्या नातवाचे डोळे एक मीटर उंचीवर असतील, तर त्याचे क्षितिज साडेतीन किलोमीटरवर संपते. त्याच्या वडिलांचे साडेचार किलोमीटरवर. आपली गॅलरी समुद्रसपाटीपासून नऊ मीटर उंच असेल, तर आपल्याला सुमारे 10.7 किलोमीटरपर्यंतचे पाणी दिसते. दूरून येणाऱ्या जहाजाची आधी डोलकाठी दिसते आणि मग हळूहळू बाकीचे जहाज वर येते, हे आपण शाळेत वाचले असेल. ते प्रत्यक्ष पाहण्याची सोय आपल्याकडे आहे. आपल्याला संपूर्ण जहाज दिसत असेल तेव्हा खालच्या नातवाला त्याचे फक्त वरचे टोक दिसत असेल. टेहळणीचे काम आपण स्वतःकडे घ्यावे. जहाज दिसले की वरून रंगीत कापड हलवायचे, आणि खालच्यांनी त्यांना ते केव्हा दिसले हे ओरडून सांगायचे. दुर्बीण मिळाली तर फारच छान.

संध्याकाळी पाचदहा मिनिटे कोणाच्या तरी हाताला धरून खाली यावे, कारण सूर्यास्त एकाच दिवशी दोनदा पाहण्याची युक्ती नातवाला आपणच दाखवावी असे मला वाटते. सूर्य तळपत असताना त्याच्याकडे मुळीच पाहायचे नाही. अगदी शेवटची लाल कड उरली की मगच. नातवाला पाण्याच्या जवळ जमिनीवर बसवावे, आणि ती कड त्याच्या दृष्टीने बुडाली की वडिलांनी त्याला चटकन खांद्यावर उचलून घ्यावे. उंची वाढल्यामुळे त्याचे क्षितिज दूर सरकते आणि बुडालेली कड पुन्हा चारपाच सेकंद वर येते. वडिलांनी उचलायला उशीर केला तर प्रयोग फसतो, आणि मग दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा यावे लागते. हा त्याचा दोष समजू नये.

खुर्ची कुठे आणि केव्हा मांडावी हेही सांगतो. भूगोलाच्या पुस्तकात आपण खारे वारे आणि मतलई वारे ही जोडी पाठ केली होती. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटतो. उन्हाच्या दिवसांत खारे वारे दुपारी सर्वांत जोमाने वाहतात, म्हणून दुपारच्या सावलीत समुद्राकडे तोंड करून बसलेल्या माणसाला जो गारवा मिळतो, तो खोलीत पंख्याखाली झोपलेल्यांना मिळत नाही. दोन वाऱ्यांच्या मध्ये, सूर्यास्तानंतर थोडा वेळ, हवा बहुधा अगदी थांबते. त्या वेळी लाटांचा आवाज एरवीपेक्षा वेगळा वाटतो. कोणी बोलत नसेल तर तो ऐकावा.

प्रश्न : तीन छोट्या शंका आहेत. शंख कानाला लावला की समुद्र ऐकू येतो तो कसा? सातवी लाट नेहमी मोठी असते हे खरे का? आणि पाण्यात फार वेळ राहिल्यावर बोटे सुरकुततात ती पाणी शोषल्यामुळे ना? — एक शिक्षक

उत्तर : शंखात समुद्र नसतो आणि आपल्या रक्ताचा प्रवाहही नसतो, आजूबाजूचे बारीक आवाज शंखाच्या पोकळीत घुमतात आणि त्यांतले काही सूर मोठे होऊन ऐकू येतात. रिकामा पेला कानाला लावला तरी तसाच घोष येतो, पण तो कोणी मुलांना दाखवू नये, निदान सुट्टीत तरी. सातव्या लाटेत तथ्य इतकेच की वेगवेगळ्या लांबीच्या लाटा एकमेकींत मिसळल्यामुळे मोठ्या लाटा गटागटाने येतात. सातचा आकडा मात्र माणसाने घातलेला आहे. बोटांच्या बाबतीत आपला अंदाज चुकीचा ठरतो. ज्या बोटाचा मज्जातंतू तुटलेला असतो ते पाण्यात सुरकुतत नाही, म्हणजे ही क्रिया शरीर स्वतः घडवते : बोटांच्या टोकांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि त्वचा आत ओढली जाते.

प्रश्न : आमच्या मुलीला पाण्यात जायची भीती वाटते आणि मुलाला अजिबात वाटत नाही. दोघांना एकाच वेळी कसे सांभाळावे? — एक वडील

उत्तर : मुलाची काळजी आधी घ्यावी. जिथे जीवरक्षक असतील तिथेच उतरावे आणि तो पाण्यात असताना त्याच्यापासून हातभर अंतरावर एक मोठे माणूस असावे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी कधी कधी एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत परतते. तो पट्टा फसवा असतो, कारण तिथे लाटा फुटत नसल्यामुळे पाणी शांत दिसते आणि पालक मुलांना नेमके तिथेच नेतात. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर जाऊन त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग वळावे, तेही जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. आणखी एक अंदाज उपयोगी पडतो : साधारणपणे लाट फुटते तेव्हा तिथल्या पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापटीहून थोडी अधिक असते. मीटरभर उंचीची लाट जिथे फुटते, तिथे मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत पाणी असू शकते.

मुलीला ओढून पाण्यात नेऊ नये. लाटेचे शेवटचे पातळ पाणी जिथे येऊन परत फिरते, त्या रेषेवर तिला हात धरून उभे करावे, आणि पाणी परत जाताना पायांकडे पाहायला सांगावे. पाणी मागे सरते पण डोळ्यांना आपणच मागे सरकत आहोत असा भास होतो, आणि त्याच वेळी टाचांभोवतीची वाळू वाहून जाऊन पाय खाली खाली रुततात. पुष्कळ मुलांची भीती याच रेषेवर हसण्यात बदलते. काहींची त्या वर्षी बदलत नाही. माझी स्वतःची चौथ्या सुट्टीत बदलली, आणि त्याआधीच्या तीन सुट्ट्या माझ्या आईने त्या रेषेवर माझ्यासोबत उभे राहून काढल्या.

प्रश्न : आमचे ‘हे’ पाच दिवसांत बाराशे छायाचित्रे काढतात, आणि परतल्यावर त्यांना काही विचारले तर ‘फोटोत बघ’ म्हणतात. हा काय प्रकार आहे? — एक गृहिणी

उत्तर : या प्रकाराचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना संग्रहालयात फिरवले आणि काही वस्तू नुसत्या पाहायला, तर काहींची छायाचित्रे काढायला सांगितली. दुसऱ्या दिवशी विचारले तेव्हा, पूर्ण छायाचित्र काढलेल्या वस्तू लोकांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. लक्षात ठेवण्याचे काम कॅमेऱ्यावर सोपवले की मन बहुधा ते काम सोडून देते. परंतु त्याच अभ्यासात असेही दिसले की वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन छायाचित्र काढणाऱ्यांची आठवण अशी कमी झाली नाही. तेव्हा आपल्या यजमानांचा कॅमेरा काढून घेण्याऐवजी त्यांना बारीक गोष्टींवर पाठवावे : मुलाच्या पाठीला चिकटलेली वाळू, ओल्या दोरीवरचे मीठ, फेसाच्या बुडबुड्यांत उमटलेले रंग. दिवसाला दहाच छायाचित्रे अशी अट घातली तर ती कोणती असावीत यावर घरात रोज वाद होईल, आणि आठवण पक्की करण्यासाठी वादासारखे साधन नाही.

प्रश्न : सोळा वर्षांचा मुलगा समुद्रावर येतो आणि खोलीत फोन घेऊन पडून राहतो. त्याला बाहेर कसे काढावे? — चिंतातुर पालक

उत्तर : पहिले दोन दिवस काढूच नये, वर्षभर पहाटे उठणाऱ्या मुलाने सुट्टीत झोपणे हाही समुद्रकाठचाच आनंद मानावा. तिसऱ्या दिवशी त्याला फोनसकट बाहेर बोलवावे आणि एकच काम सांगावे : एका ठरावीक जागी येणाऱ्या अकरा लाटांचे माथे मोजायचे, पहिल्यापासून अकराव्यापर्यंतचा वेळ घ्यायचा आणि त्याला दहाने भागायचे. दोन लाटांमधला वेळ चारपाच सेकंद निघाला तर त्या जवळपासच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा असतात; पंधरा सेकंदांच्या आसपास निघाला तर त्या फार दूरच्या वादळातून आलेल्या असतात, कारण लांब लाटा कमी ऊर्जा गमावत दूरवर जातात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये प्रशांत महासागरात ठिकठिकाणी मोजणी केंद्रे उभारली आणि अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांत जन्मलेल्या लाटांचा माग दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत, थेट अलास्कापर्यंत काढला. सोळाव्या वर्षी घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टीत रस नाही असे दाखवावे लागते. म्हणून एवढे सांगून आपण तिथून उठून जावे.

रात्रीही एकदा विचारून पाहावे. चंद्र नसलेल्या रात्री, किनाऱ्यावर दिवे नसतील तर, काही समुद्रांत काही काळ फुटणाऱ्या लाटेत निळसर उजेड चमकतो. पाण्यातले अतिसूक्ष्म जीव ढवळले गेले की हा प्रकाश सोडतात. तो दिसेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. दिसला नाही तरी अंधारात वडिलांशेजारी चालताना मुले खोलीत बोलत नाहीत अशा गोष्टी बोलतात, असा बऱ्याच घरांचा अनुभव आहे.

प्रश्न : मुलांनी वेचलेले शंखशिंपले घरी आणावेत का? धाकटीने आणलेला एक शंख रात्री टेबलावरून चालू लागला आणि घरात गोंधळ उडाला. — एक कुटुंब

उत्तर : तो शंख पुन्हा समुद्राकडे पोहोचला असेल अशी आशा करतो. काही खेकड्यांचे पोट मऊ असते आणि ते रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतात. वाढले की मोठे घर शोधावे लागते, म्हणजे किनाऱ्यावरचा रिकामा शंखही कोणाच्या तरी कामाचा असतो. काही ठिकाणी शंख, वाळू किंवा प्रवाळ उचलण्यास कायद्याने बंदी असते, ती आधी विचारून घ्यावी. बंदी नसली तरी आमच्या मते ओंजळभर वेचावे, एखादी दुपार ते रंगाने किंवा आकाराने मांडून बसावे, प्रत्येकाने फार तर एक तुटका शिंपला ठेवावा आणि बाकीचे जिथून आणले तिथे नेऊन टाकावे. मांडून बसण्याची ती दुपार हाच या छंदाचा गाभा आहे. घरी आणलेल्या पिशवीला आठ दिवसांत वास येतो आणि मग ती कोणी टाकली यावर भांडण होते.

प्रश्न : परतल्यावर दोन दिवसांत सगळा आनंद ओसरतो. मग एवढा खटाटोप कशासाठी? — एक निवृत्त बँक कर्मचारी

उत्तर : आपले निरीक्षण बरोबर आहे. नेदरलँड्समधील 1530 प्रौढांच्या एका अभ्यासात, जो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला, सुट्टीवर जाणारे लोक जाण्याआधीच न जाणाऱ्यांपेक्षा अधिक आनंदी आढळले, परंतु परतल्यावर बहुतेकांच्या बाबतीत हा फरक उरला नाही. ज्यांची सुट्टी अतिशय निवांत गेली होती त्यांच्यात तेवढा तो काही काळ टिकला. त्यातून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. जाण्याआधीचे दिवस फुकट घालवू नयेत : भरतीचा तक्ता भिंतीवर लावावा, किल्ल्याचा आराखडा काढावा, आजींच्या दुर्बिणीवरची धूळ झटकावी. आणि सुट्टी शक्यतो निवांत ठेवावी, म्हणजे पहिल्या पत्रातल्या आईंनी तासातासाचा कागद घरीच ठेवावा.

परतल्यानंतरचे म्हणाल, तर बॅगेच्या शिवणीत आणि बुटांच्या तळाशी वाळू उरलेली असतेच. तिच्यावर चिडून ती झटकण्याआधी चिमूटभर बशीत काढून ठेवावी. रविवारी नातवंडांना बोलावून ती भिंगाखाली पाहावी. काचेसारखे चमकणारे कण बहुधा गारगोटीचे असतात आणि काळे कण जड खनिजांचे. दुधी, चपटे तुकडे एके काळी शिंपले होते. खात्री करायची असेल तर ड्रॉपरने व्हिनेगरचा एक थेंब सोडावा : गारगोटी तशीच राहते, आणि शिंपल्याच्या कणांवर बारीक बुडबुडे येऊ लागतात. बशी खिडकीजवळ धरावी, म्हणजे ते सर्वांना दिसतील.